तुमचं नाशिक सासूबाईंना दाखवू नका

पत्र

ताई, मी सोलापूरला राहते आणि एका सीएच्या ऑफिसात नोकरी करते. गेल्या हिवाळ्यात एका बँकेच्या शाखेचं ऑडिट करायला मला नाशिकला पाठवलं. जाताना तोंड वाकडं करूनच गेले. नाशिक म्हणजे कांदे, द्राक्षं आणि क्रियाकर्म, एवढंच डोक्यात होतं. शाखा रविवार कारंजाजवळ होती, लॉजही तिथून चालत जाण्याइतकं जवळ. साडेपाचला बाहेर पडले की जेवणापर्यंत नुसती भटकायचे. सराफ बाजार, घाट, पूल ओलांडून पंचवटी. वाटेत कुठेतरी चहा, अंगावर शाल. इतकं छान वाटलं की घरी येऊन मी कौतुकाचा नुसता पाऊस पाडला.

आता तेच अंगाशी आलंय. दिवाळीनंतर तीन दिवस सगळ्यांनी नाशिकला जायचं ठरलं आहे. सासूबाईंची (वय ७१, गुडघे दुखतात) यादी तयार आहे: त्र्यंबक, वणी, शिर्डी. नववीतल्या मुलाने मोबाइल बघून विचारलं, "पण तिथे आहे काय?" नवरा म्हणतो, तुला गाव माहीत आहे, तूच ठरव. आणि मला दाखवण्यासारखं एकही ठिकाण आठवत नाही. मी काही 'पाहिलं'च नव्हतं! खरं सांगू का, मला त्यांना तिथे न्यावंसंच वाटत नाही. हा स्वार्थीपणा झाला का?

– ऑडिटवाली, सोलापूर

उत्तर

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, यात स्वार्थीपणा काही नाही. त्या संध्याकाळी तुम्हाला कोणी "आज भाजी काय?" असं विचारलं नाही. चार्जर कुठे ठेवलाय, गॅसचा नंबर लावला का, हेही विचारलं नाही. भूक लागली तेव्हा जेवलात, पाय दुखले तेव्हा बसलात. चाळिशीतल्या बाईला हे सुख फार क्वचित मिळतं, आणि मिळालं की ते ज्या गावात मिळालं ते गाव आवडतं. तेव्हा तुम्हाला आवडलेल्या नाशिकातला निम्मा वाटा तुमच्या मोकळेपणाचा होता, हे एकदा मनाशी मान्य करून टाका. या सहलीत तो मिळणार नाही. तिघांना बरोबर घेऊन तो शोधत फिरलात तर तुमची चिडचिड होईल आणि त्यांना वाटेल, हिला आम्ही आलेलो आवडलेलं नाही. ते तर आणखी वाईट, कारण थोडंसं खरंही असेल.

उरलेला निम्मा वाटा मात्र आमच्या गावाचा आहे आणि तो मी सोडणार नाही. नाशिकला बाहेरून येणारा माणूस सहसा काहीतरी उरकायला येतो. रामकुंडावर अस्थी, त्र्यंबकला नारायण नागबळी, वणीच्या देवीची ओटी, आणि हल्ली शनिवार-रविवारची वायनरी. गाडीतून उतरायचं, उरकायचं, गाडीत बसायचं. शहर संध्याकाळी कसं दिसतं हे त्याला कळतच नाही. नोकरीसाठी आलेल्या माणसाला ते नाइलाजाने कळतं. त्यातून तुमचं नशीब असं की शाखा मिळाली ती रविवार कारंजाला. हेच ऑडिट अंबड किंवा सातपूरच्या एमआयडीसीत असतं आणि मुक्काम महामार्गालगतच्या हॉटेलात, तर मला हे पत्र आलं नसतं. रविवार कारंजावरून मात्र चांदीच्या गणपतीला हात जोडून निघालं की सराफ बाजार, पेशवाईतला सरकारवाडा, भांडी बाजार, नदी आणि पलीकडची पंचवटी हे सगळं अगदी जवळजवळ आहे. चढउतार आहेत, बोळ आहेत, पण रिक्षा करायची गरज पडत नाही. शिवाय नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. सोलापूरच्या माणसाला इथला डिसेंबर म्हणजे फुकटात मिळालेलं थंड हवेचं ठिकाण.

आणखी एक. इथे नदीकाठ हा देवाधर्माचा असतो तसाच नुसत्या बसण्याबोलण्याचाही असतो. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो, घाटाला गंगाघाट. बुधवारी तिथे आठवडी बाजार भरतो. मे महिन्यात यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला असते, आणि उकाड्यात लोक रुमालाने वारा घेत व्याख्यान ऐकतात. तुम्ही संध्याकाळी नुसत्या बसलात तरी कोणी "बाई एकटी का बसलीय" म्हणून वळून पाहिलं नसेल, त्यामागे ही सवय आहे.

(गाव आमचं असलं तरी उगाच गोडवे गाणार नाही. पात्रात काँक्रीट ओतून नदीची पार दशा केली आहे, रामकुंडाचं पाणी हातात घ्यावंसं वाटत नाही, आणि घाटावर "पूजा करायची का" म्हणत मागे लागणाऱ्यांचा त्रास होतो. तुम्ही संध्याकाळच्या उजेडात पाहिलंत, तुमचे लोक भर दुपारी पाहतील. हे त्यांना आधीच सांगून ठेवा.)

आता मुद्द्याचं. आजपासून कौतुक बंद. एक शब्द नाही. तुम्हाला नाशिक आवडलं ते काही अपेक्षा नव्हती म्हणून. त्यांच्या अपेक्षा तुम्ही वाढवून ठेवल्या आहेत. कोणी विचारलंच तर "बरं आहे गाव, थंडी असते" एवढंच बोला. आणि 'माझं नाशिक' दाखवायला जाऊ नका. ज्या बोळातून तुम्ही एकट्या रमतगमत गेलात, तिथे तिघांना उभं करून "बघा, किती छान आहे ना?" म्हणालात तर मुलगा म्हणेल, "काय छान आहे?" आणि तुमच्याकडे उत्तर नसेल. ज्याचं त्याला द्यावं. सुदैवाने हे गाव तेवढं पुरून उरतं.

सासूबाईंपासून सुरुवात करू, कारण त्यांची यादी तयार आहे आणि ती तीन दिवसांत बसत नाही. शिर्डी काटा. वाईटपणा नवऱ्याकडे द्या, आई त्याची आहे. नाशिकहून शिर्डी म्हणजे जाऊन-येऊन अख्खा दिवस गेला, आणि सोलापूरहून शिर्डी करायला नाशिकला यायची गरजच नाही. तुमचा रस्ता नगरवरूनच जातो. शिर्डी पुढच्या खेपेला.

वणीला जरूर न्या. सप्तशृंगी गड शहरापासून साठेक किलोमीटर, साडेतीन पीठांतलं अर्धं पीठ. गुडघ्यांची काळजी नको. २०१८ पासून वर जायला फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, त्यामुळे शेकडो पायऱ्या टळतात. मुलाला मात्र पायऱ्यांनी चढू द्या, ट्रॉलीच्या रांगेत मोबाइल काढून बसण्यापेक्षा बरं. एक दिवस पूर्ण यासाठीच ठेवा. परत आल्यावर संध्याकाळी आणखी काही कोंबू नका.

त्र्यंबक तीस किलोमीटरच्या आतबाहेर. सोमवार टाळा आणि पहाटेच पोचा. दिवाळीच्या सुट्टीत नऊनंतर गेलात तर रांगेत किती तास जातील, याचा नेम नाही. सासूबाईंना आधीच कल्पना द्या की गाभाऱ्यात जाता येत नाही, दर्शन बाहेरूनच घ्यायचं. नेहमीसारखी पिंड वर आलेली नाही. खळग्यात ब्रह्मा, विष्णू, महेश यांची तीन लहान लिंगं आहेत. काही लोक पहिल्यांदा पाहून गोंधळतात आणि परत येताना "नीट दिसलंच नाही" म्हणत बसतात. देऊळ नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधायला घेतलेलं, काळ्या दगडाचं. बाहेरूनही पाच मिनिटं थांबून बघण्यासारखं आहे, मागे ब्रह्मगिरी. दादासाहेब फाळके जन्मले ते याच गावात, १८७० साली. ही माहिती परतीच्या वाटेवर मुलाला द्यायला ठीक.

या दोन्ही दिवसांसाठी गाडी ठरवून घ्या, सासूबाईंना एसटीत चढउतर करायला लावू नका. आणि २०२७ च्या सिंहस्थाची कामं सुरू आहेत, तेव्हा कुठला रस्ता खणलाय आणि कुठला बंद आहे हे ड्रायव्हरला विचारूनच वेळ ठरवा. नकाशा सांगेल ते खरं मानू नका.

मुलाचं काय, हा तुम्हाला सगळ्यात मोठा प्रश्न वाटत असेल. मला तोच सगळ्यात सोपा वाटतो, कारण तिथे तुमच्या कामाचाही विषय निघतो. त्याला पांडवलेण्यांना न्या. नावात पांडव असले तरी ही २४ बौद्ध लेणी आहेत, त्रिरश्मी डोंगरावर, शहराच्या अंगाला मुंबईच्या रस्त्यावर. पायऱ्या आहेत, चढ दमवतो पण लांब नाही. सासूबाईंना त्या सकाळी खोलीवर आराम करू द्या.

वर गेल्यावर दहाव्या लेण्याशी थांबा. तिथे क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाचा जावई उषवदात याचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्यात काय लिहिलंय माहीत आहे? मुदत ठेव! उषवदाताने इथल्या भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) कायमचे ठेवले, आणि ते जवळच्या गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, व्याजाने दिले. एका श्रेणीकडे २०००, दरमहा शेकडा १ दराने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल कधी परत घ्यायचं नाही, वापरायचं ते फक्त व्याज. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण. आता तुम्ही कागद घेऊन बसा: दोन हजारांवर महिना वीस, म्हणजे वर्षाला दोनशे चाळीस. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. एका कवडीचाही फरक नाही. वर हेही नोंदवलंय की हा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, जाहीर केला आणि रिवाजाप्रमाणे फलकावर लिहून ठेवला. आजच्या किती शाखांत इतकी नीट नोंद सापडते, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत.

तुम्ही विणकरांच्या गावच्या, त्यात ऑडिटवाल्या. हा लेख जणू तुमच्यासाठीच कोरलाय. मुलाला आधी काही सांगू नका. भाषांतर घरूनच छापून न्या (अक्षरं वाचता येणार नाहीत, भिंतीही झिजल्या आहेत), आणि लेखासमोर उभं राहून त्याला हिशेब करायला लावा. नववीत सरळव्याज आलेलंच असतं. मग तिसऱ्या लेण्यात न्या. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवल्यावर त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख तिथे कोरलाय. आणि त्याच लेण्यात सातकर्णीचा एक हुकूम आहे, ज्यात पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेलं शेत भिक्षूंना दिल्याची नोंद आहे. म्हणजे जिंकलेल्याचा आणि हरलेल्याचा, दोघांचाही कागद एकाच डोंगरावर. मला विचाराल तर अख्ख्या नाशिकात याच्याइतकं मजेदार दुसरं काही नाही, आणि पायथ्याच्या फाळके स्मारकात फोटो काढून परत जाणाऱ्यांना ते कधीच दिसत नाही.

संध्याकाळी पंचवटीत काळाराम मंदिर. हे सासूबाईंचं आणि मुलाचं, दोघांचंही. त्या आत दर्शन घेतील. त्याला दारातच सांगा की २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच दारांशी सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो नाशिकात नेटाने चालवला, आणि पुढे काही वर्षं तो चालू होता. पुस्तकात त्याने चार ओळी वाचल्या असतील. इथे त्याला दार दिसेल, आणि आपली आजी सहज आत गेली हेही. बाकी काही समजावत बसू नका, त्याला प्रश्न पडले तर पडू द्या.

घाटावर दुतोंड्या मारुती दाखवा. पावसाळ्यात गंगेला पूर आला की नाशिककर क्युसेकमध्ये बोलत नाही. मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, अशी आमची मोजणी. फार चढलं की भांडी बाजारातले दुकानदार माल वर हलवायला लागतात. १९६९ चा पूर पाहिलेली माणसं अजून त्याच्याशीच तुलना करतात. दिवाळीनंतर पाणी खाली गेलेलं असेल, पण मूर्ती किती उंच आहे ते बघूनच पोराला अंदाज येईल.

नवऱ्याची काळजी मी करणार नाही, कारण 'तूच ठरव' म्हणणाऱ्या माणसाला मिसळ पुरते. सकाळी गंगापूर-सातपूर लिंक रोडला साधनाची चुलीवरची मिसळ, किंवा गावातली कुठलीही चार माणसं उभी असलेली टपरी. सोबत पापड येतो, तो चुरून घालायचा. सोलापूरकराला तिखटाचं काही वाटणार नाही, उलट "एवढंच?" म्हणाल. द्राक्षांचे घोस मात्र बघायला मिळणार नाहीत. इथे गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची) ऑक्टोबरच्या सुमाराला होते आणि माल जानेवारीनंतर यायला लागतो. दिवाळीनंतर बागेत हिरवी पालवी असते, बस. वायनरीला जायचं की नाही आणि ते सासूबाईंना काय म्हणून सांगायचं, हे तुमचं तुम्ही बघा. मी या सदरातून तेवढं धाडस करत नाही. गंगापूर धरणाचं पाणी बघायला जातोय, असं सांगून निघालात तर ते खोटं होणार नाही, कारण वायनऱ्या त्याच बाजूला आहेत.

राहिलात तुम्ही. मुक्काम पुन्हा रविवार कारंजाच्या आसपासच करा. कॉलेज रोडची हॉटेलं चकचकीत आहेत, पण तिथून तुमचं जुनं नाशिक लांब पडतं. तिसऱ्या दिवशी साडेपाचला उठा. कोणाला उठवू नका. नवऱ्याला रात्रीच सांगून ठेवा: "मी सकाळी फिरायला जातेय, आठला येते, आईंना चहा तू दे." कारण सांगायचं नाही. "सगळेच जाऊ या" असं कोणी म्हणालं तर हसून "नको" म्हणा आणि विषय तिथेच थांबवा. ऑडिटच्या दिवसांत तुम्ही संध्याकाळी भटकलात, हे शहर पहाटे तुम्ही पाहिलेलं नाही. अहिल्यादेवी होळकर पुलावर उभं राहिलं की त्या वेळी नदीवर धुकं असतं, फुलवाल्या नुकत्या मांडामांड करत असतात, आणि नारोशंकराच्या देवळाकडे गर्दी नसते. तिथली मोठी घंटा म्हणजे चिमाजी अप्पांच्या वसईच्या विजयाची खूण; सासूबाईंसोबत गेलात तर तिच्याकडे नुसती नजर टाकून पुढे जाल, एकट्या असाल तर वाचाल, बघाल. दीड-दोन तास पुरेत. आठला परत या, आणि कुठे होतीस असं विचारलं तर सरळ सांगा.

यातून मागच्या हिवाळ्यासारखा आनंद होईलच असं नाही. तेव्हा तुम्हाला काहीच ठाऊक नव्हतं, आता ठाऊक आहे. पण तो परत मिळवायचाच असेल तर त्याला उपाय नाशिक नाही. पुढच्या वेळी ऑफिसात धुळे, परभणी, चंद्रपूर असं कुठलंही गाव निघालं आणि बाकीचे माना वळवायला लागले की आधी हात तुम्ही वर करा.

आता ताजा कलम. भांडी बाजारात एक पितळी पातेलं आवडलं होतं, भाव कळेना म्हणून घेतलं नाही, या खेपेला घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. घ्या. भाव नगावर नसतो, वजनावर असतो. किलोचा दर आधी विचारायचा, मग भांडं काट्यावर ठेवायला लावायचं. घरी माळ्यावर जुनी तांब्या-पितळेची मोड पडली असेल तर पिशवीत घालून आणा, त्याची वजावट मिळते. स्वयंपाकाला वापरणार असाल तर कल्हई करूनच घ्या. आणि घासाघीस तुम्ही करू नका, सासूबाईंना पुढे करा. नाशिकच्या दुकानदारासमोर ऑडिटवालीचा निभाव लागणार नाही, त्यांचा लागेल.